ठिकाण : घरी सांगतो

संग्रहालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत, एक लांबोडका फ्रीजर आहे. वरच्या तीन मजल्यांवर लोक काचेपलीकडचे प्राणी बघत फिरतात, "बघ बघ, अगदी जिवंत वाटतो" म्हणतात. ते सगळे कधी ना कधी या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशव्यांसारखे एकावर एक रचलेले होते, हे त्यांना ठाऊक नसतं. नसलेलंच बरं.

त्या फ्रीजरमध्ये एक पिशवी सात आठवडे पडून होती. मागून दोन घुबडं आली, एक पाणमांजर आलं, सगळ्यांचा नंबर लागला. या पिशवीला मात्र कुणी हात लावला नाही. तिच्यावरच्या चिठ्ठीवर ज्याचं अक्षर होतं तो माणूस गेला होता, आणि जिने ती उघडायची ती त्याची बायको होती.

मेलेल्या प्राण्यांची कातडी काढून, कमावून, पेंढा-कापूस भरून शिवायची, हे तिचं काम. शिकली कुठे म्हणाल तर कुठेच नाही. सव्वीस वर्षांपूर्वी काचेच्या कपाटांचे पडदे शिवायला आली होती. एका घुबडाची बगल उसवलेली दिसली, राहवलं नाही, चार टाके घातले आणि अडकली ती कायमची. अडकली दोन्हीकडे; कारण ते घुबड ज्याने आणलं होतं तोही तिथेच उभा होता आणि म्हणाला होता, "अहो, टाका दिसत पण नाही!" पुढे त्याने आयुष्यात तिच्या कशाचंही इतकं मनापासून कौतुक केलं नाही, पण तेवढ्यावर संसार झाला.

तो हिंडणारा होता. मैदानात, टेकड्यांत, रस्त्याकडेला, कुंपणात अडकून मेलेली जनावरं शोधून आणायची, हे त्याचं काम. मारायची नाहीत, मेलेली आणायची. आणि अक्षर असं की शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत घरी गेली असावी. म्हणून दोघांची रीत पडून गेली होती. तो वजन-मापं तेवढी चिठ्ठीवर खरडायचा आणि बाकीचं घरी येऊन, चहा पिता पिता, तिला तोंडी सांगायचा. कुठे सापडलं, कोणत्या झाडाखाली, डोकं कुठल्या दिशेला, आसपास काय होतं. ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लेबल लिहून कातड्याच्या उजव्या मागच्या पायाला बांधायची. संग्रहालयातली चौदाशे लेबलं अशी चहावर लिहिली गेली होती.

पिशवीवरच्या चिठ्ठीत तारीख होती, वजन होतं, डोक्यापासून शेपटीपर्यंतची लांबी होती, 'मादी' असं लिहिलेलं होतं. आणि शेवटच्या ओळीत,

'ठिकाण : घरी सांगतो.'

तो रविवार होता. संध्याकाळी उशिरा आला होता. मोरीत हात धूत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, एक सांगायचंय."

तिचं डोकं दुखत होतं. ताटं वाढून अर्धा तास झाला होता. ती म्हणाली, "उद्या सांग. जेव आधी."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायचा ब्रश हातात धरून तो जिन्यावर खाली बसला, आणि उठला नाही.

*

ती कामावर परत आली तेव्हा सगळे तिच्याशी मांजराच्या पावलांनी बोलत होते. ती अजून रडली नव्हती, आणि तिच्यापेक्षा इतरांनाच त्याची काळजी जास्त होती. तिला स्वतःला काही वाटत नव्हतं. खरंच काही वाटत नव्हतं. भाजी चिरताना बोट कापलं तर ते लाल झालेलं बघून कळायचं. सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची, मधे कुणीतरी चहा आणून द्यायचं, तो गार व्हायचा.

सोमवारी तिने पिशवी काढली, आतलं रानमांजर ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवलं, आणि मंगळवारी सकाळी ते मऊ झालं होतं.

साधारण घरच्या मांजराएवढंच, पण खांद्यात रुंद. अंग वाळल्या गवताच्या रंगाचं. पाठीवरून काळी रेघ जाते ती शेपटीच्या मुळाशी थांबते. घरच्या मांजराची रेघ शेपटीवरही चालू राहते, हे तिचं तिनेच कधीतरी ताडून पाहिलं होतं. शेपूट आखूड, जाड, तीन कडी, आणि टोक दौतीत बुडवल्यासारखं काळं. मागच्या पायांचे तळवे टाचेपर्यंत काळे, आणि बोटांच्या मधे केस.

मागून कुणीतरी श्वास ओढला. डॉक्टर आले होते. हे जनावरांचे डॉक्टर नव्हेत, कागदाचे. संग्रहालयाचे प्रमुख. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, स्वभावाने मऊ, आणि वाईट बातमी सांगताना चष्मा पुसणारे. या सात आठवड्यांत त्यांनी चष्मा इतका पुसला होता की काच झिजायची बाकी होती.

"बाई, ही दरीतली आहे," ते म्हणाले. "मी चिठ्ठी वाचली होती. मापं बघितली होती. बोललो नाही इतके दिवस."

"दरीतली कशावरून?"

"शेपूट बघा ना! टाचा बघा!"

रानमांजराची जात एकच, सगळ्या मैदानभर पसरलेली. पण पांढऱ्या दगडाची एक अरुंद दरी आहे, तिथे त्याच मांजराची एक पोटजात राहायची. दगडाच्या कपारीत बीळ, वर्षातून एकदा पिल्लं, खाणं उंदीर-सरडे आणि मोठे किडे, पाणी दिसलं तर प्यायचं, नाही तर नाही. दगड तापतो म्हणून बोटांच्या मधे केस. साऱ्या जगात त्या पोटजातीची कातडी पाचच, आणि पाचही इथे, तिच्या खणात. त्यांतलं एक किड्यांनी अर्धं खाल्लेलं. एकतीस वर्षांत जिवंत मांजर कुणाला दिसलं नव्हतं. महिनाअखेर सगळ्या पोटजातींची नवी यादी छापली जायची होती, आणि त्या मांजरापुढे 'नामशेष' लिहून डॉक्टरांनी सही तेवढी करायची ठेवली होती.

"मैदानातल्या मांजरांत पण आखूड शेपटीचं एखादं निघतं, डॉक्टर," ती म्हणाली. "खण क्रमांक नऊ. तुम्हीच दाखवलं होतंत. नुसत्या अंगावरून म्हणाल तर दहातली चार चुकतील."

"म्हणून तर ठिकाण हवं."

"ते प्रयोगशाळेचं काय झालं? रक्ता-मांसावरून कळतं म्हणे."

"कशाशी ताडणार? जुन्या पाच कातड्यांना तेव्हाच्या लोकांनी इतकी औषधं चोळून ठेवलीत की त्यांतून काही निघत नाही." त्यांनी चष्मा काढला. "बाई, एक बोलू? तुम्हाला दुसरं कोण विचारणार आहे? लेबलवर 'दरी' लिहा. मलाही तसंच वाटतंय, सगळ्यांनाच तसं वाटेल. सरांचं नाव त्या मांजराबरोबर कायमचं राहील. एकतीस वर्षांनी शोधणारा माणूस म्हणून."

तिने पाटीतलं पाणी ओतून दिलं.

"चौदाशे लेबलं लिहिली, डॉक्टर. अंदाजाचं एक नाही. कातड्याला खरा पत्ता नसेल तर ते पायपुसणं."

"मग काय लिहिणार?"

'घरी सांगतो' असं लेबलवर लिहिता येत नाही.

*

तिने सुरी घेतली. हाताला काम माहीत होतं, बाकी कुणी हजर असायची गरज नव्हती. पोटाच्या मधोमध उभा छेद. कातडं बोटांनी मोकळं करायचं, सुरीने कमी, बोटांनी जास्त. मधे मधे लाकडाचा भुसा भुरभुरायचा म्हणजे ओल टिपली जाते. पाय मोजा उलटा करावा तसे उलटे करायचे, शेवटच्या पेरापर्यंत. कानाशी सावकाश. ओठांशी त्याहून सावकाश. बाकी मांजर मग अगदी लहान दिसतं. कातडं काढल्यावर सगळीच लहान दिसतात.

डाव्या बाजूला चार बरगड्या तुटलेल्या होत्या आणि आत रक्त साकळलेलं. वरून एक ओरखडाही नाही. असं मरण ती ओळखत होती. वाहन. टेबलावर येणाऱ्या दर दहांतली सहा त्यानेच येतात.

मग गर्भाशय. दोन शिंगांसारख्या नळ्या, त्यांत तीन काळसर डाग. पिल्लू आत जिथे चिकटलेलं असतं तिथे ते जन्मल्यावर असा डाग मागे राहतो. पिल्लू कुठे का जाईना, आईच्या आत त्याची जागा लिहिलेली असते. तीन पिल्लं. आचळं सुकलेली होती, म्हणजे दूध तुटून आपापलं खायला लागलेली. तिने वहीत लिहिलं : तीन.

शेवटी जठर. ते तिने पांढऱ्या परातीत उघडलं, आणि बारीक जाळीवर पाणी सोडलं. उंदराचे केस. उंदराचा एक जबडा, नखाएवढा. दोन काळे चकचकीत पंख, कुठल्यातरी भुंग्याचे. थोडं गवत. आणि पिवळे गोळे.

तिला वाटलं चरबी आहे. चिमट्याने एक उचलला, तो भुरभुरला. नाकाशी नेला. मग खिडकीशी नेला.

उकडलेल्या अंड्याचा बलक. गिळलेला, चावलासुद्धा नव्हता. गिळून तासही झाला नसेल, कडा अजून विरघळल्या नव्हत्या. आणि त्या कडेला हिरवट राखाडी पट्टा होता.

आता अंडी कुणीही उकडतं. पण ती अंडी चुलीवर ठेवून विसरते. सव्वीस वर्षं विसरत आली. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, पाणी आटून भांडं तडतडायला लागलं की धावते. बलकाला हिरवी कड धरते. वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण, पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "अंडं उकडलंयस की शिक्षा केलीयस त्याला?" दर रविवारी तो हिंडायला निघाला की त्याच्या डब्यात अशी दोन अंडी जायची, आणि दर रविवारी डबा चाटूनपुसून परत यायचा.

म्हणजे बलक तो खातच नव्हता.

तिने चिमटा खाली ठेवला. सव्वीस वर्षं, दर रविवारी, दोन. डबा उघडून ती त्याला विचारायची, "खाल्लंस ना सगळं?" आणि तो डोळ्याला डोळा देऊन म्हणायचा, "सगळं." मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे तर मांजराला बलक घालून नवऱ्याने डोळे उघडे ठेवले होते.

हसू यावं असं होतं. आलं नाही. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती हात धुवायचंही विसरली. मांजर मेलं ते तो जेवायला बसला होता तिथेच.

*

ड्रायव्हर गॅरेजच्या दारात टायरवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता. त्या रविवारी तो रजेवर होता, जीप नवऱ्याने स्वतः नेली होती.

"सर जेवायला कुठे बसायचे रे?"

"बसा ना, ताई." त्याने टायर रिकामा केला. ती उभीच राहिली.

"दोनच जागा," तो म्हणाला. "दरीत गेलो की तोंडाशी एक चपटा दगड आहे, त्याच्यावर. आणि वारं फार असलं की दरीत जायचंच नाही, अलीकडे गिरणीच्या पुलाखाली. तिसरी जागा नाही. मी म्हणायचो, सर, एखाद दिवस हॉटेलात बसू. तर म्हणायचे, हॉटेलात बलक कुणाला घालू?"

"तुला माहीत होतं?"

ड्रायव्हरने जीभ चावली. "ताई, ते मला म्हणाले होते, घरी बोललास तर तुला खायला लावीन."

ती रागावली नाही, तेव्हा त्याला जरा धीर आला. "पुलाखाली कुत्री असतात, ती खायची. दरीत दगडावर ठेवून यायचे. म्हणायचे, कुणीतरी खातंय, पुढच्या रविवारी नसतं. कोण ते दिसत नाही. दोन वर्षं चाललं होतं. 'कोल्हा असेल' म्हणायचे, पण तोंड असं करायचे की कोल्हा नाही हे त्यांना माहीताय."

"गिरणीच्या पुलावरून गाड्या जातात."

"सतत. ट्रक, ट्रॅक्टर, सगळं."

"आणि दरीत?"

"दरीला फाटक आहे ना, ताई. कुलूप असतं. किल्ली एकच, सरांच्या जुडग्यात. दगडापर्यंत आपलीच जीप—"

तो थांबला. शब्दकोड्याची घडी केली, परत उघडली.

तीही थांबली. सुतावरून स्वर्ग गाठायची सवय तिला नव्हती. ती सूत हातात घेऊन उभी राहिली. गिरणीचा पूल असेल तर मारणारा कुणीही. कुठलासा ट्रक, त्याला पत्ताही नसेल. मग हे मैदानातलं साधं मांजर, खण क्रमांक नऊ, आणि नवरा नेहमीसारखा नवरा. दरी असेल तर हे एकतीस वर्षांनी सापडलेलं मांजर. आणि मग त्या फाटकाच्या आत त्या दिवशी एकच वाहन होतं, आणि ते चालवणारा एकच माणूस. बलक ठेवून, डबा आवरून, जीप मागे घेणारा. त्याला मागे बघून गाडी घेता यायची नाही. तीन वेळा संग्रहालयाची कुंडी फोडली होती.

*

घरी वन्सं होत्या. भाऊ गेल्यापासून त्या राहायलाच आल्या होत्या आणि घर पुसून पुसून गुळगुळीत करून टाकलं होतं. त्याचे शर्ट त्यांनी आवरले, चष्मा आवरला, दाढीचं सामान आवरलं. ती कशालाच नको म्हणाली नाही. फक्त दाराशी त्याचे बूट होते, ते उचलायला गेल्या तेव्हा म्हणाली होती, "ते राहू द्या." का, ते तिलाही माहीत नव्हतं. येता-जाता दोघी त्यांना ओलांडून जायच्या.

ती दारातच खाली बसली आणि एक बूट उलटा करून मांडीवर घेतला.

"आता काय हे?" वन्सं आतून आल्या. "मी म्हणतच होते, धुऊन ठेवते."

"धुतलेत का तुम्ही? खरं सांगा."

"तू हात लावू दिलास तर धुवीन ना! कसली चिखलाची राखण करतेयस गं?"

तिने खांद्यावरच्या पिशवीतून कातडं सोडवायची बारीक आकडी काढली. तो कुठेही हिंडायला निघायच्या आदल्या संध्याकाळी मोरीत बूट घेऊन बसायचा. तळाच्या एकेका खाचेतून माती काढायचा, ब्रशने घासायचा, नळाखाली धरायचा. एका जागेचं बी दुसऱ्या जागी आपल्या पायाने जाऊ नये, म्हणून. मोरी तुंबायची. तिने यावरून त्याला इतकं फाडून खाल्लं होतं की शेजाऱ्यांनाही ते नियम पाठ होते : शनिवारी बूट धुणार, रविवारी हिंडणार, येऊन जसेच्या तसे दाराशी काढणार. म्हणजे या तळव्यांत जे काही होतं ते त्या एका रविवारचं होतं.

गिरणीच्या पुलाखाली काळी चिकट माती आहे. दरीत पांढरी माती.

आकडी पहिल्या खाचेत घातली. वन्सं शेजारी गुडघे धरत खाली बसल्या. त्या भाऊ-भावजयीच्या 'अरे-तुरे'ला आयुष्यभर नावं ठेवत आल्या होत्या, पण आता त्यांनीच खाली वर्तमानपत्र पसरलं. दुसरी खाच. टाचेची मोठी खाच. वर्तमानपत्रावर ढीग होत गेला. तो पांढरा होता. खडूच्या भुग्यासारखा, सगळाच्या सगळा. काळ्या मातीचा कणसुद्धा नाही. उजव्या टाचेतून एक केस निघाला, वाळल्या गवताच्या रंगाचा, टोक काळं.

ती त्या केसाकडे बघत राहिली.

तो कसा उतरला असेल जीपमधून. कसा खाली बसला असेल. दोन वर्षं ज्याला बलक घातला आणि जे कधी दिसलं नाही, ते शेवटी दिसलं ते चाकाखाली. मग त्याने ते उचललं, तोललं, मोजलं, कारण सवय ती सवय. आणि ठिकाणाच्या ओळीशी आल्यावर हात चालला नसेल. मोरीत तो हात धूत उभा होता, आणि तिला इतके दिवस वाटत होतं की तो काहीतरी सापडल्याच्या आनंदात होता. 'अगं, एक सांगायचंय.'

"काय गं?" वन्सं म्हणाल्या. "काय मिळालं?"

"ठिकाण."

"बोल काहीतरी धड."

"वन्सं, तुमच्या भावाला गाडी मागे घेता यायची नाही."

"ते काय सांगतेस मला! लहानपणी तीनचाकी सायकल विहिरीत घातली होती त्याने." वन्सं हसल्या, आणि हसता हसता त्यांचं रडणं सुरू झालं, पदर तोंडाशी गेला. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात थोपटत होता, हे तिला दिसत होतं. बोटांत मात्र काहीतरी झालं होतं, पायावर बसून पाय बधिरला की उठताना होतं तसं. बरं वाटत नाही त्याने, उलट नकोसं होतं.

त्या रविवारी त्याने सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? बहुतेक हेच. 'इतकी वर्षं झाली, आरशात बघायला काय होतं?' मग चहा टाकला असता. मग विचारलं असतं, डोकं कुठल्या दिशेला होतं.

*

बुधवारी सकाळी ती सरळ गॅरेजमध्ये गेली.

"जीप तू परत हातात घेतलीस तेव्हा कशी होती?"

ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला. "मागचं डावं चाक धुतलेलं होतं, ताई. तेवढंच. बाकी जीप धुळीने भरलेली." मग म्हणाला, "मी कुणाला बोललो नाही."

"चांगलं केलंस. आता बोललास तरी चालेल."

तोवर कातडं सुकायला आलं होतं. आतून टाकणखार चोळलेला, पोटात कापूस, शेपटीत तार. तिने ते शिवून पूर्ण केलं, बारीक टाका, दिसणार नाही असा. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, झोपल्यासारखं नाही. खणातली कातडी झोपल्यासारखी दिसत नाहीत, ती खणात ठेवल्यासारखी दिसतात. कवटी किड्यांच्या पेटीत दिली. तिथले किडे आठवड्याभरात ती स्वच्छ करतील, त्यांना कुणाचं काही नसतं.

मग लेबल. डॉक्टर शेजारी उभे राहून वाचत होते.

'मादी. तीन पिल्लांची आई. ठिकाण : पांढऱ्या दगडाच्या दरीचं तोंड, चपट्या दगडाजवळ.'

"खात्री?" त्यांचा आवाज चिरकला. "बाई, खात्री?"

तिने त्यांना परातीतला बलक दाखवला, वर्तमानपत्रातली पांढरी माती दाखवली, काचेच्या दोन पट्ट्यांमधला केस दाखवला. ते सगळ्यावरून डोळे फिरवत गेले आणि त्यांचा चेहरा पोराला बक्षीस मिळाल्यासारखा झाला. "म्हणजे आहे ते! एकतीस वर्षांनी! सरांनी—"

ती पुढचा रकाना लिहीत होती. डॉक्टरांनी वाचला आणि चष्मा काढला.

'मृत्यूचं कारण : संग्रहालयाची जीप. चालक : संग्राहक स्वतः.'

"हे एवढं लिहायलाच हवं का?"

"रकाना आहे ना?"

"रकाना रिकामाही राहतो, बाई. निम्म्या लेबलांवर रिकामाच आहे." ते हळू म्हणाले, "सर आता स्वतःची बाजू मांडायला नाहीत. झाकली मूठ—"

"सव्वा लाखाची. माहीताय मला." तिने दोरा तोंडात धरून ओला केला. "पण डॉक्टर, जीप लिहिली नाही तर दरीही लिहिता येत नाही. मांजर वाहनाने मेलं, हे बरगड्या सांगतायत. फाटकाआत दुसरं वाहन जात नाही. उद्या एखादा शहाणा विचारील, दरीत गाडी कुठून आली? मग म्हणेल पुलावरचंच असणार. मग तुमची दरी गेली. आपलेच दात, आपलेच ओठ. पण दरी घ्यायची तर जीपही घ्यायला लागते."

डॉक्टरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"मग यादीत मी काय लिहू? आहे की नाही?"

"सात आठवड्यांपूर्वी एक होती. तेवढं लिहा. तीन असतील. तेही लिहा, पण 'असतील' लिहा."

तिने लेबल उजव्या मागच्या पायाला बांधलं, दोन गाठी, टोकं सारखी कापली. जुनी चिठ्ठी फेकली नाही. ती घडी घालून लेबलाच्या मागे दोऱ्यात अडकवली. पुढे कधी कुणी खण उघडलाच तर त्याला दोन्ही सापडतील. त्याला काय कळायचं ते कळो.

संध्याकाळी गॅरेजचं दार लागत होतं.

"रविवारी मोकळा आहेस का?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"तुमच्यासाठी आहे, ताई. कुठे जायचं?"

"दरीत. डबा घेऊन येते."

त्याने तिच्याकडे बघितलं. "अंडी?"

"सहा."

"हिरवीच?"

"मला दुसरी येत नाहीत." ती दोन पावलं गेली आणि वळली. "आणि ऐक. जीप फाटकाच्या बाहेर लावायची. आत चालत जायचं."